बेटावरची दिवेलागण

माझं पहिलं घर मी सोळाव्या वर्षी बांधलं, आणि एकटीनं बांधलं. लाकूड मी तोडलं, दगड मी फोडले, वेलींचा दोर मी वळला आणि समुद्राच्या अंगाला एक ऐसपैस खिडकी ठेवली. समुद्र मी तोवर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आमच्या कारंजा गावात पाण्याचा डोळ्यात भरेल एवढा साठा म्हणजे बाजूच्या ढाब्यामागचं सिमेंटचं टाकं, ज्यात ट्रकचे ड्रायव्हर लोक मोठमोठ्यानं गाणी म्हणत आंघोळी करायचे. तरी माझ्या खिडकीतून लाटा दिसायच्या, आणि खिडकीशी बसून मी रोज ताजी मासोळी भाजायची. आणि ही मी कोण, तर जिच्या घरात कुणी चोरून अंडं आणलं तर मोठी आई ते गल्लीतच शिजवायला लावायची! त्या घराइतका गर्व मला पुढे नोकरीचा झाला नाही, की खऱ्या सिमेंट-विटांच्या घराचाही झाला नाही. घर अर्थात फोनमध्ये होतं, आणि फोन आईचा होता.

त्या खेळाला भलंमोठं इंग्रजी नाव होतं, जे आमच्याकडे कुणालाच धड म्हणता येत नसे. आम्ही त्याला ‘बेट’ म्हणायचो. खेळ सुरू झाला की तुम्ही किनाऱ्यावर पडलेले असायचात, अंगावर एक फाटका कपडा आणि हातात काही नाही. मग भूक लागायची, तहान लागायची, थंडी वाजायची, आणि हे सगळं निस्तरता निस्तरता त्याच बेटावर फिरणारी कुठकुठल्या गावची खरी माणसं तुमच्या डोक्यात दगड घालायला टपलेली असायची. मेलात की पुन्हा किनारा आणि पुन्हा तोच फाटका कपडा. आपल्या घरच्या कॅलेंडरचे पन्नास दिवस झाले की बेट बुडायचं आणि नवं बेट वर यायचं. सगळ्यात खोडसाळ गोष्ट ही, की आपण फोन बंद केला तरी आपला माणूस बेटावरून जात नसे. तो जिथे होता तिथेच झोपून राहायचा. रोज एकदा त्याच्या पोटात काही गेलं नाही तर झोपेतच मरायचा, आणि कुणी दार फोडून आलं तरीही झोपेतच मरायचा. त्यामुळे बेटावर सगळे म्हणायचे की टोळी करा, आळीपाळीनं जागा, एकट्याचं इथे काम नाही. टोळी करायची रीतही सोपी होती. आपल्या घरात बसवून आपल्या हातचं कुणाला खाऊ घातलं की तो आपला सोबती झाला. सही नाही, अर्ज नाही. खेळ बनवणारे लोक कुठले होते मला माहीत नाही, पण ही एक गोष्ट त्यांना नेमकी कळलेली होती.

आमचं दुकान हायवेला लागून होतं, दोर आणि ताडपत्र्यांचं, आणि दुकानाच्या वर आम्ही राहायचो. सकाळी पाचपासून ट्रकांचे ब्रेक फुसफुसायचे, शेजारचा पंक्चरवाला रिमवर हातोडा घालायचा, आणि बाबा खालून ओरडायचे, “वीस फुटी कोनाले पायजे होती?” या सगळ्या कलकलाटात घरातली माणसंही ओरडूनच बोलायची. माझी मोठी आई, म्हणजे बाबांची वहिनी, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाशीही पलीकडच्या ढाब्यावर निरोप पोचेल अशा आवाजात बोलायची. आई मात्र हळू बोलायची, आणि म्हणून सगळे तिचंच ऐकायचे. दिवसातून एकदाच घर शांत व्हायचं, दिवेलागणीला. आई देवापुढे दिवा लावायची, मग जिन्याखालच्या मोठ्या दाराची दोन्ही कवाडं सताड उघडायची, उंबऱ्यावर एक पणती ठेवायची, आणि अर्धा तास त्या दाराला कुणी हात लावायचा नाही. लक्ष्मी यायची वेळ. त्या वेळी झाडू नाही, भांडण नाही, फोन नाही. बाहेरून हायवेची सगळी धूळ बिनदिक्कत आत यायची, पण ती चालायची.

या दाराची सगळ्यात जास्त थट्टा करायची प्रज्ञा. प्रज्ञा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या तलाठी साहेबांची मुलगी, पाचवीपासून माझ्या बाकावरची. तिच्या घरी संध्याकाळी बुद्धवंदना असायची, ती आटोपून ती धावत आमच्याकडे यायची तेव्हा आमचं दार उघडं असायचं. “काकू, लक्ष्मीच्या मांगंमांगं कुत्रं आलं त?” असं तिनं एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, “येऊ दे. त्यालेबी पोई देऊ.” प्रज्ञा इतकी हसली की जिन्यावर बसली. त्या दिवसापासून ती दारातून आत येताना भुंकायची, आणि आई तिच्या हातावर खरोखरच गरम पोळीचा घास ठेवायची, तेलात बुडवून, वर मीठ. 

दहावीच्या सुट्टीत आम्ही दोघी बेटावर गेलो. ती तलाठी साहेबांच्या फोनवर, मी आईच्या. एक नारळ फोडून दोघींनी खाल्ला आणि सोबती झालो. ती बांधायची, मी शिकार करायची. ती घरी जेवायला गेली की मी तिच्या झोपलेल्या माणसाजवळ बसायची, मी दुकानात बाबांना मदतीला गेले की ती माझ्याजवळ. मला आईनं चार दिवस जाम गावी मामाकडे नेलं तेव्हा फोन घरी बाबांपाशी राहिला. ते चारही दिवस प्रज्ञानं मला खाऊ घातलं. मी परत आले, धूळ झटकली नाही, पाणी प्यायले नाही, तिच्या घरी पळाले. घराला कुलूप होतं. तलाठी साहेबांची पुलगावला बदली झाली होती आणि टेम्पो आदल्या सकाळी गेला होता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. बेट उघडून पाहिलं तर आमच्या झोपडीत माझ्या शेजारी तिचा माणूस कुशीवर झोपलेला होता. मी त्याला उठवायचा प्रयत्न केला, जसं काही हलवल्यानं तो उठणार होता.

अकरा दिवस मी तिच्या माणसाला खाऊ घातलं. रोज वाटायचं, आज उठेल. अकराव्या दिवशी एक टोळी आली, झोपडी जळाली आणि सगळं संपलं. फोन करायचा विचार शंभर वेळा केला, तलाठी साहेबांचा नंबर बाबांकडे होताच. पण गेली ती, मग फोन तिनं करावा, असं मी ठरवलं, आणि सोळाव्या वर्षी ठरवलेली गोष्ट म्हणजे दगडावरची रेघ. आई विचारायची, “प्रज्ञाचा फोन आलता का वं?” मी म्हणायची, “मले काय करा लागते.” आणि मग गच्चीवर जाऊन ताडपत्रीच्या गुंडाळीमागे रडायची. हे आता लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा मेले असते पण कबूल केलं नसतं.

एकटीनं खेळायचं ठरवलं ते या रागातून. बेटावर एक सोनेरी चांदणी मिळायची. जो पन्नास दिवस न मरता, कुणालाही सोबती न करता जगेल, त्याच्या नावापुढे ती चांदणी कायमची लागायची आणि सगळ्या बेटांवर सगळ्यांना दिसायची. मला ती हवी होती. कशासाठी, तर प्रज्ञानं कधी ना कधी कुठल्या तरी बेटावर माझं नाव वाचावं आणि तिला कळावं की मला कुणाची गरज नाही. एवढंच. पुढच्या वर्षभरात मी तीनदा सुरुवात केली. एकदा विंचवानं मेले, एकदा थंडीनं, आणि एकदा उंचावरून पडून, कारण वर चढताना खाली शिडी धरायला कुणी नव्हतं. चौथ्यांदा मात्र जमलं. आणि खरं सांगते, एकटीनं खेळण्याची मजा काही और होती! सगळे मशरूम माझे. कुठे जायचं ते मीच ठरवणार, आणि चुकले तर मीच मला शिव्या देणार. मी स्वतःशी बोलायची, स्वतःला शाबासकी द्यायची, एकदा तर चांगला मासा गळाला लागला म्हणून शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत फिस्सकन हसले आणि बाईंनी बाहेर काढलं. फक्त झोपेची पंचाईत होती. एकट्या माणसाला पहारा नसतो. माझं घर कड्याच्या पोटात वेलींच्या आड लपवलेलं होतं आणि दाराला मी तीन अडसर केले होते, पण फोन बंद करून अभ्यासाला बसले की माझं चित्त त्या दारापाशीच असायचं. अकरावीच्या अर्थशास्त्राच्या वहीत मी समासात अडसरांची चित्रं काढलेली आहेत.

पंचेचाळीस दिवस निघाले. उरले पाच. आणि सेहेचाळिसाव्या दिवशी आमच्या घरचे पापड आले.

पापडांची आमच्याकडे पाळी असते. उन्हाळ्यात एक दिवस एका घरचे पापड, दुसऱ्या दिवशी दुसरीकडचे. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बाया आपापलं पोळपाट-बेलणं घेऊन त्या घरी जाणार, आणि जिच्या घरचे पापड ती सगळ्यांना जेवू घालणार. ज्या घरच्या पोरी सुट्टीत घरी आहेत त्यांना यातून सुटका नाही. आजारी असशील तर झोपून लाट्या तोड, असं मोठ्या आईचं म्हणणं होतं. पहाटेपासून उडदाचं पीठ तेल लावून लावून कुटलं जात होतं, धबधब आवाजानं खालच्या दुकानातल्या पाट्या हलत होत्या, आणि घरभर हिंगाचा आणि मिऱ्यांचा वास. गोळाभात शिजलेला होता, वर ओतायला फोडणीचं तेल तयार होतं, कैरीचं पन्हं माठात गार होत होतं. मी लाट्या खाऊन खाऊन पोट तट्ट फुगवून घेतलं होतं. एरवी हा माझा वर्षातला लाडका दिवस. पण त्या सकाळी मी कड्यावरून पाहिलं होतं, खालच्या ओढ्याशी पाच जण मशाली घेऊन फिरत होते. त्यांच्या पाठीला दारूची मडकी होती. दार उडवायची मडकी.

तेलानं आणि पिठानं माखलेल्या हातांनी फोन धरता येत नाही. फोन बंद करावा तर मी झोपणार, आणि झोपले की त्या पाच जणांना माझं घर म्हणजे पिकलेलं सीताफळ. पण घरात त्या दिवशी एकच माणूस रिकामं होतं, आणि ते म्हणजे आई. दोन दिवसांपूर्वी कैऱ्या चिरताना विळीवर तिचा उजवा अंगठा चांगलाच कापला होता, त्याला पांढरी मोठी पट्टी होती, आणि मोठ्या आईनं तिला पापडांपासून चार हात लांब, खिडकीतल्या खाटेवर बसवून ठेवलं होतं. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

“आई, माया जीवाचा सवाल हाय.”

“फोन मायाच हाय, आन् तू मलेच मांगून राह्यली पकडाले,” आई म्हणाली. पण घेतला.

मी तिला तीन गोष्टी शिकवल्या. इथे दाबलं की शेकोटीत लाकूड पडतं. इथे बोट फिरवलं की आजूबाजूला दिसतं. कुणी दिसलं की मला हाक मारायची. आणि हे जे दाराचं चित्र आहे, त्याला बोट लावायचं नाही. “समजलं?” मी म्हटलं. “हाव समजलं, मी का लहान हावो?” आई म्हणाली आणि स्क्रीनकडे वाकून पाहू लागली. “हे पोरगी किती दिवसाची उपाशी हाय वं? हाडंहाडं निंगाले इचे.” त्या पोरीचं नाव तिच्या डोक्यावर माझंच होतं, पण आईला ते दिसलं नाही, किंवा दिसलं आणि म्हणूनच ती तसं म्हणाली. मी आत जाऊन बेलणं हातात घेतलं. माझे पापड त्या दिवशी नकाशासारखे होत होते, आणि मोठी आई प्रत्येक पापड वर धरून बायांना दाखवत होती.

पुढचं सगळं मी आईच्या तोंडून आणि प्रज्ञाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं. बेटावरचा दिवस आपल्या दिवसापेक्षा फार छोटा असतो, जेमतेम पाऊण तासाचा. दुपारचे तीन वाजले होते, खाली बाबा पेंगत होते, ताडपत्र्यांच्या तापलेल्या वासानं घर भरलं होतं, आणि आईच्या हातातल्या फोनमध्ये सूर्य समुद्रात बुडत होता. आभाळ तांबडं झालं. पाखरं परतली. आईनं आधी शेकोटीत लाकूड टाकलं. मग तिला भिंतीवरची चरबीची दिवली दिसली, तीही तिनं बोटानं चाचपडत पेटवली. आणि मग तिनं जे केलं ते बेटाच्या सगळ्या इतिहासात कुणी केलं नसेल. दिवा लागला आणि दार बंद, हे तिला पाहवेना. लेकीच्या घरात तिन्हीसांजेला दार बंद! तिनं मला हाक मारली नाही, कारण मी अडवलं असतं. एकेक करून तिन्ही अडसर काढले आणि दार सताड उघडलं.

बाहेर झुडपांत पाच जण बसलेले होते. पुलगावच्या एका शिकवणीतली चार पोरं आणि त्यांची म्होरकी. एकानं मडकं दाराशी नेऊन ठेवायचं, दुसऱ्यानं खिडकी धरायची, असं ठरलेलं होतं. तेवढ्यात आत उजेड वाढला आणि दार आपोआप उघडलं. मडकंवाला घाबरून दहा पावलं मागे पळाला. “ट्रॅप हाय बे! सापया हाय!” दुसरा म्हणाला, फेकू का आतमध्ये? म्होरकी त्या उघड्या दाराकडे बघत राहिली. संध्याकाळ झाली की बेटावरचा प्रत्येक माणूस दार लावतो, वर दगड लोटतो, श्वासही जपून घेतो. आणि इथे उंबऱ्यावर उजेड पडलेला, आत कुणाची हालचाल नाही, भांडण नाही, हातात कुऱ्हाड घेऊन कुणी उभं नाही. तिनं आपली कुऱ्हाड खाली ठेवली, मशाल खाली ठेवली, पोरांना म्हणाली, “कोनी हात नाई लावाचा,” आणि एकटीच दारापर्यंत चालत गेली. बेटावर जवळ उभ्या असलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो.

“काकू?” ती म्हणाली.

“हाव?” फोनमधून कुणी हाक मारली याचं आईला काहीच नवल वाटलं नाही. “कोन वं?”

“काकू, मी प्रज्ञा.”

“अवं मायबाई! मंग अंदर ये नं, बाहीर काऊन उभी हायेस? आन् ते झाडायमांगं कोन लपून राह्यले? तुयासंगचे हाय का? बोलाव त्याईले.”

आणि ते आले. पाठीवर दारूची मडकी घेऊन चार पुलगावची पोरं माझ्या शेकोटीभोवती ओळीनं बसली. आलेल्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून आईनं डाव्या हाताच्या बोटांनी स्क्रीनवर जिथे तिथे दाबून शेवटी माझी वाळवलेली मासोळी शोधून काढली, महिनाभराची, आणि एकेकाला वाढली. माझी शाकाहारी आई! वाढता वाढता चौकशी सुरू. तू कोणाचा रे? आडनाव काय? आजी कुठली? एक जण म्हणाला, माझी आई कारंज्याची. मग काय, “म्हंजे तू आमच्या गावचा भाचा झाला,” म्हणून त्याला दोन मासे जास्त. त्यानं उठून नमस्कार केला, म्हणजे त्या खेळात नमस्कार नव्हता म्हणून खाली बसून उठला. इतकं सगळं होईपर्यंत आईचा आवाज, जो कधी चढत नसे, तो चढलेला होता, आणि पापडांच्या खोलीत मला ऐकू आलं, “अजून घे नं प्रज्ञा, लाजू नको.”

माझ्या हातातलं बेलणं घरंगळत थेट माठापर्यंत गेलं. मी धावले. स्क्रीनवर माझं घर माणसांनी भरलेलं होतं, माझी टोपली रिकामी होती, दार उघडं होतं, आणि माझ्या नावापुढे जिथे चांदणी हळूहळू भरत होती तिथे आता पाच छोटी डोकी दिसत होती. पाच सोबती. पंचेचाळीस दिवस, आणि वर तीन वेळचं मरण. मी आईला काय काय बोलले ते लिहीत नाही. पापडवाल्या सगळ्या बाया दारात गोळा झाल्या होत्या. आईनं ऐकून घेतलं, मग पट्टीचा अंगठा वर धरून शांतपणे म्हणाली, “सांजच्या टायमाले दार लावून बसते का कोनी? आन् प्रज्ञा होती बाहीर. प्रज्ञाले का मी बाहीर ठेवू?” माझ्या पुढच्या आयुष्यात कचेरीत एकजुटीनं काम कसं करावं यावर मी कितीतरी भाषणं ऐकली, चहा-बिस्किटं खात. त्या सगळ्यांना मिळून आईच्या या एका वाक्याची सर आली नाही.

मी फोन ओढून घेतला. काचेवर पिठाची पाच बोटं उठली.

“कोनं बोलावलं तुले?” मी म्हटलं.

“काकूनं,” प्रज्ञा म्हणाली. तोच आवाज. वर्षभरानं. मला एकदम हसू आलं आणि हसू आल्याचा इतका राग आला की मी ओरडलेच.

“अकरा दिवस! अकरा दिवस तुया मानसाले खाऊ घातलं मी! सांगून जाता नाई आलं तुले?”

पुलगावच्या एका पोराच्या तोंडात मासोळी तशीच.

“तू जामले होती, टेम्पो सकायीच आला,” ती म्हणाली. “मले रडू येऊन राह्यलं होतं. चिठ्ठी लिवली, फाडली. लिवली, फाडली. मंग पुलगावले गेल्यावर बाबानं शपथ घातली मले, की अकरावी होईपर्यंत खेळ उघडाचा नाई. फोन त्यायच्याच हातात. पन तू खाऊ घातलं ते मले माईत होतं.”

“कसं?”

“फोनवर वरतून येत जाय नं. ‘तुमच्या मानसाले जेवन भेटलं.’ तेवढंच ये, दुसरं काई नाई. बाबा जेवाले बसले का मी दुरून पायत जाओ, आलं का म्हनून. रोज आलं. अकरा दिवस. मंग बाराव्या दिवसी नाई आलं. तेराव्या दिवसी नाई आलं. म्हटलं, कटाळली. कोनी किती दिवस करन? तुयावर राग नव्हता. पन मंग फोन कोन्या तोंडानं करू?”

मी खाटेवर बसले. आईच्या मांडीवरच बसले असं म्हणतात. वर्षभर मी ज्या पोरीला दाखवून द्यायला चांदणी जमवत होते, ती पोरगी वर्षभर समजत होती की कंटाळून मी तिला उपाशी मारलं. आणि हे सगळं दोन फोन आणि एका बसच्या अंतरावर.

“अवं येडे!” मी किंचाळले. “बाराव्या दिवसी कसं येईन? अकराव्या दिवसी मीबी मेली नं!”

दारातून मोठी आई गरजली, “काय अभद्र बोलून राह्यली वं पोट्टी, पापडाच्या दिवसी!” आणि तिनं खरोखर माझ्यावरून मीठ-मोहरी उतरवायला घेतली. बाया हसायला लागल्या, फोनमधून पोरं हसायला लागली, भाचा तर खो खो, आणि खालून बाबा जागे होऊन विचारत होते, कोण मेलं, कोण मेलं. मला हसून हसून ठसका लागला. आई पाठीवर थापटत होती, नेमक्या दुखऱ्या हातानं, आणि स्वतःच “आई गं” म्हणत होती.

प्रज्ञा मात्र हसत नव्हती. सगळं शांत होईपर्यंत ती थांबली, मग तिनं विचारलं, “कुठी मेली?”

“दारात.”

“मांगून वाट होती नं? आपन दोघीनंच त केलती, टोळी आली का पयाले.”

“होती.”

“मंग पयाली काऊन नाई?”

“तू झोपून होती नं वं,” मी म्हटलं.